मावशीचा दुसरा ब्रेक

माझ्या मावशीने अर्ध्या शहराला गाडी शिकवली, आणि उरलेलं अर्धं शहर तिच्या विद्यार्थ्यांना घाबरून फुटपाथवर चढलं.

शिकवणीच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो. मावशी पहिल्याच दिवशी तो दाखवायची आणि मग चपला काढून सीटवर चक्क मांडी घालून बसायची. "ब्रेक आहे, पण माझे पाय वर आहेत. आता तुझं तू बघ." विद्यार्थ्याला घाम फुटायचा, पण गाडी यायची. बाकीचे मास्तर तिला वेडी म्हणत. होतीच ती.

पुढे तिचे पाय गेले, मग हात, आणि आता श्वासाची पाळी होती. दुखणं बरं होणारं नव्हतं. आमच्याकडे अशा माणसाला कायद्याने स्वतःचा शेवट मागता येतो, मात्र डॉक्टरने तपासून हो म्हणावं लागतं. मावशीने अर्ज केला, आणि तपासायला आला कोण? तिरका! तिचाच जुना विद्यार्थी; एकदाही गाडी सरळ लावली नाही म्हणून तिनेच ठेवलेलं नाव. मावशी इतकी हसली की मला तिला धरून नीट बसवावं लागलं.

"याला मी नापास करायचे, आता हा मला पास करणार!"

डॉक्टर कानापर्यंत लाल झाला. "मॅडम, तुम्ही एवढ्या खुशीत आहात. मी लिहू तरी काय?"

"रडले तर म्हणशील, हिचं मन ठिकाणावर नाही. हसले तर म्हणशील, हिला कुठे काय होतंय! मग तोंड कसं करू, ते तरी सांग. जीव माझा आणि किल्ली तुझ्या खिशात?"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आणि त्याच वेळी, त्याने नाही म्हणावं म्हणून मी मनात हात जोडून उभी होते. मला मावशी हवी होती, बस.

"मॅडम, ते कुत्रं आठवतं? मी गाडी सुसाट सोडली होती. तुम्ही मांडी मोडून ब्रेक मारलात."

"तुला दिसलं नव्हतं ते."

"तेच म्हणतोय. तुमच्या नजरेतून काही सुटलंय का, एवढंच बघायला आलोय." मग त्याने मला बाहेर जायला सांगितलं. मी गेले आणि दाराला कान लावला. लाज कसली त्यात?

"भाचीचे हाल होऊ नयेत म्हणून तर नाही ना हे?"

मावशी म्हणाली, "थोडं तेही आहे."

"मग आज सही नाही."

तो गेल्यावर मावशीने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण त्याने रात्रीसाठी नर्स पाठवली, आणि मी कितीतरी महिन्यांनी घोडे विकून झोपले. दिवसा आम्ही पत्ते खेळलो. तिचे पत्ते मीच धरायचे, तरी हरायचे मीच, कारण बघितले की ती ओरडायची. इतके वेडे दिवस मला पुन्हा मिळायचे नाहीत. ते तिरक्याने दिले, हे मी मावशीला कधी बोलले नाही.

तो परत आला, तोच प्रश्न घेऊन.

"आता ही रात्रभर घोरते," मावशी म्हणाली. "हिची काळजी मिटली. आता जे आहे ते फक्त माझं आहे."

त्याने सही केली. दाराआड मी पदर तोंडात कोंबला.

ठरलेल्या सकाळी त्याला शेवटचं विचारणं भाग होतं. पलंगाशी खुर्ची ओढून तो बसला. "मॅडम, अजूनही नाही म्हणता येईल. मी लगेच थांबेन." आणि मग त्याने बूट काढले, पाय वर घेतले, आणि त्या अरुंद खुर्चीत, गुडघे आपटत, कसाबसा मांडी घालून बसला.

मावशीला हसू आवरेना. खोकला, ठसका, डोळ्यांतून पाणी. मी तिच्याबरोबर हसत होते आणि हमसून रडत होते.

"खुर्चीसुद्धा तिरकी लावलीय गाढवाने," ती मला म्हणाली. "पण शिकला बरं का."

मग तिने त्याच्याकडे बघून, अगदी स्वच्छ आवाजात, "हो" म्हटलं.