जांब्यातल्या कुलूपबंद डिस्क

लोक पासवर्ड विसरत राहिले आणि माझ्याकडे किस्से साठत गेले. आता मित्र जमले की मलाच बोलायला लावतात!

२००८च्या सुमारास आमचं छोटं ऑफिस जांब्यासारख्या गावात, पिठाच्या गिरणीच्या वर होतं आणि तिथले कॉम्प्युटर सांभाळणारा अ‍ॅडमिन मी. आमच्या बॉसचा, म्हणजे सरांचा, लॅपटॉप एसटीत चोरीला गेला आणि फर्मान निघालं, लिनक्सवर चालणाऱ्या सगळ्या मशिन्सची डिस्क एन्क्रिप्ट करा! म्हणजे सुरू करताना पासवर्ड दिला नाही, तर आतलं अक्षरही कुणाला दिसणार नाही. खुद्द मालकालासुद्धा.

पहिले विसरले ते सरच.

"तू अ‍ॅडमिन आहेस ना? उघड."

"सर, मला आलं असतं तर चोरालाही आलं असतं!"

सर म्हणाले, "म्हणजे काम चोख केलंयस."

नंतर ऑफिसातलीच वैशाली. तीही विसरली, पण तिचं मशिन सुरू होतं. सुरू आहे तोवर डिस्क उघडीच असते. अ‍ॅडमिनला आतली किल्ली काढून नवा पासवर्ड बसवता येतो. फक्त लाइट जाता कामा नये, आणि आमचा यूपीएस तर केव्हाच वारला होता. मी कमांड टाइप करतोय तोच घरमालक तात्या दारात. खालची गिरणीही त्यांचीच.

"मेन स्विच पाडतोय रं, गिरणीचा फ्यूज बदलायचाय."

"तात्या, थांबा! हे बंद पडलं तर सगळं गेलं!"

तात्या मशिनकडं बघत राहिले. "पेशंट शिरेस हाय व्हय? मग गिऱ्हाइकं थांबत्याल की."

नवा पासवर्ड बसेपर्यंत खाली दळणाचे डबे रांगेत, वर तात्या चहा पीत बसलेले.

आणि दत्ता! लातूरकडचा, नवा. सोमवारी काम दाखवलं की नोकरी कायम होणार होती. अख्खा कोड त्या एका डिस्कवर, कॉपी 'उद्या काढू'. दिवाळीची सुट्टी संपवून आला तर मशिन बंद आणि पासवर्ड डोक्यातून साफ. पोरगा रडकुंडीला आला. मलाही फार वाईट वाटलं, कारण बंद मशिनपुढं माझं काही चालत नाही.

"रोज कसा टाकायचास?"

"लक्षच नसायचं. तेव्हा अण्णांचा फोन चालू असायचा."

अण्णा म्हणजे त्याचे वडील. म्हटलं, "लाव फोन!"

अण्णा म्हशीपासून निघाले, सोयाबीनवर आले. चुलत्यानं बांध कोरल्याचा विषय निघाला, दत्ता तावातावानं बोलायला लागला, कीबोर्डवर बोटं आपोआप चालली आणि डिस्क उघडली!

"काय टाकलंस?"

"काय माहीत!"

आधी कोडची कॉपी काढली, मग नवा पासवर्ड बसवला. दत्ता कायम झाला. अण्णांना मात्र हे कुणी नीट सांगितलं नसावं. पुढच्या आठवड्यात त्यांचा थेट ऑफिसात फोन.

"उद्या मी लग्नाला चाललोय, फोन लागायचा नाही. तुमचं काय चालू करायचं असंल ते आजच करून घ्या!"