प्रयागबाईच्या आतड्याची खळ

प्रयागबाई मूळची उमरेडची. विणकराच्या घरात जन्मली आणि विणकराच्याच घरात दिली. करवती काठाच्या लुगड्यात तिचा हात इतका बसलेला की व्यापारी काठ पाहूनच ओळखत, असं ती स्वतःच सांगते. पुढे हातमागाचं काम बसलं आणि नवऱ्याबरोबर ती नागपूरला आली. तिचे यजमान रुपराव एका कापडदुकानात लागले, ती प्रताप नगरात माझ्याकडे स्वयंपाकाला. माझे पती गेल्यावर घरात बोलायला तीच एक उरली. तिच्याशी बोलणं भिंतीशी बोलण्यासारखं आहे, फक्त भिंत उलट उत्तर देत नाही.

१९८४ च्या उन्हाळ्यात तिला शौचातून आव आणि रक्त पडू लागलं. तिने ते लपवलं. चेहरा पिठासारखा पांढरा पडला तेव्हा मी तिला ओढतच माझ्या भाचीकडे नेलं. चारुशीला सरकारी दवाखान्यात पोटाच्या विकारांची डॉक्टर. तिने तपासून स्पष्ट सांगितलं, मोठ्या आतड्याच्या अस्तराला व्रण पडले आहेत. गोळ्यांनी भरले तर उत्तम. नाही भरले तर आतडं कापावं लागेल आणि शौचासाठी पोटावर थैली बांधावी लागेल.

"थैली बांधून मी पोळ्या लाटू?" प्रयागबाई बाहेर येऊन म्हणाली. "माह्या हातचं खाईन कोण, बाई?"

मी खाईन, असं म्हणाले. ती ऐकून न ऐकल्यासारखं करून चपला घालू लागली.

गोळ्या ती नेमाने घेई. तरी रक्त थांबेना. कारण मला एका शनिवारी कळलं. बाई स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून एरंडेल पीत होती.

"प्रयागबाई! जुलाब होताहेत आणि वर जुलाबाचं औषध?"

"आव म्हंजे घाण, बाई. चिकट आत राहिलं तं सडन ना! पेजेची खळ लावलेलं सूत तसंच पडू द्या, झुरळं खाऊन टाकतात. चिकट असन ते धुऊनच काढा लागते."

"आतडं म्हणजे सूत नव्हे."

"मंग तुमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरा तुमाले काहून पाजत होत्या एरंडेल? तुमीच तं सांगतलं!"

सांगितलं होतं खरं. मी बाटली मोरीत ओतली. पुढच्या शनिवारी नवी आली.

शेवटी चारुशीलेला घरी बोलावलं. तिने बिचारीने ओट्यावर बसून समजावलं. पाचक रसातले एन्झाइम आणि जखमेवर धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशींचे एन्झाइम मांससुद्धा विरघळवू शकतात. ते आपल्याच भिंतीला खाऊ नयेत म्हणून अस्तर आतून एक बुळबुळीत थर, म्हणजे तुम्ही म्हणता ती आवच, सोडतं आणि त्यासोबत या एन्झाइमांना आवरणारी द्रव्यंही सोडतं. यावर परदेशात अजून संशोधन चालू आहे. "म्हणून ते सगळंच घाण समजून रोज धुऊन काढू नका. व्रण उघडे पडतात."

"हो, डॉक्टरीनबाई," प्रयागबाई म्हणाली. चारुशीलेला चहा दिला, वर चिवडाही दिला. शनिवारी पुन्हा एरंडेल.

मग मात्र मी रुपरावांना बोलावून घेतलं. माणूस कमी बोलणारा. सगळं ऐकून त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि बायकोकडे वळले.

"काय वं, कपडा मागावर असतानी खळ धुतली होती का तू कधी?"

"पागल झाले का तुमी? खळ विणून झाल्यावर धुतात. आधी धुतली तं ताण्याचं उभं सूत तुटन ना! एक हात विणणं व्हायचं नाई."

"मंग तुह्या आतड्याचं विणणं झालं का? बाजारात न्याचं हाय का ते?"

पुढच्या शनिवारी एरंडेल आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी आणि चारुशीलेने इतके दिवस घसा कोरडा केला त्याचं काहीच नाही, आणि रुपराव दोन वाक्यं बोलून दुकानात निघून गेले! रक्त कमी होऊ लागलं, हे कबूल करते. पण आता नवीनच त्रास सुरू झाला. बाई आतली खळ जपू लागली. तांदळाची पेज काय, धुतलेल्या डाळीचं कळण काय, चमचा असा हळू ठेवायची की जणू पोटात कोणी निजलंय.

पावसाळा संपताना चारुशीलेने आतड्यात नळी घालून पाहायचं ठरवलं. व्रण भरलेत, का आतडं कापावं लागणार, ते त्यावरून ठरणार होतं. आधी नर्स मिठाच्या पाण्याचा एनिमा घेऊन आली. प्रयागबाई खाटेवर उठून बसली.

"हे काय हाय?"

"आतडं धुवायचं."

"नाई धुवायचं."

"अहो, डॉक्टरांनीच सांगितलंय!"

"डॉक्टरीनबाईनंच सांगतलं, धुवू नका म्हणून. दोन्ही कसं चालन?"

मी समजावलं, रागावले, खोलीबाहेर जाऊन पुन्हा आत आले. रुपराव खिडकीबाहेर पाहत उभे राहिले, जणू ते कोणाचे कोणी नव्हतेच. अखेर चारुशीलाच म्हणाली, "राहू दे, मावशी. जेवढं दिसेल तेवढं पाहते."

जेवढं दिसायला हवं होतं तेवढं दिसलं. बहुतेक व्रण भरत आले होते. कापायचं नाही, गोळ्या चालू ठेवायच्या.

"म्हंजे थैली नाई?"

"नाही."

प्रयागबाईने पदर तोंडाला लावला. माझेही डोळे भरून आले होते, म्हणून मी औषधांच्या चिठ्ठ्या गोळा करायला वळले. तेवढ्यात ती बाहेरच्या बाकापर्यंत पोचलीसुद्धा. तिथे एक म्हातारी बद्धकोष्ठाचं औषध घेऊन बसली होती.

"फेका ते, आजीबाई! जुलाबाचं काहीच घ्यायचं नसते. आतली खळ निघून जाते."

म्हातारीने घाबरून बाटली बाकाखाली ठेवली. चारुशीला दारात येऊन माझ्याकडे हात जोडून म्हणाली, "मावशी, हिला आधी घरी ने. मला अजून ओपीडी संपवायची आहे."