मामंजी आणि ओढ्यात अडलेला गाडा

देवाला भिणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण सगळ्या धर्मांच्या सगळ्या देवांना एकाच वेळी आणि सारख्याच इमानाने भिणारा माणूस मी एकच पाहिला. ते माझे सासरे. आम्ही त्यांना मामंजी म्हणत असू. पारनेर तालुक्यातल्या एका माळावरच्या खेड्यात ते मिशनच्या शाळेवर मास्तर होते. त्यांच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून घर ख्रिस्ती, आणि मामंजींना बायबल तोंडपाठ. एवढ्या श्रद्धेच्या माणसाला खरं तर धीर यायला हवा. यांच्या मनात मात्र बायबलातला नेमका महापूर, टोळधाड आणि गंधकाचा पाऊस एवढाच भाग ठाण मांडून बसला होता. दयेचे अध्याय ते वर्गात मुलांना शिकवत आणि घरी येऊन काळजीने आभाळाकडे बघत.

रविवार हा शब्बाथाचा दिवस, त्या दिवशी काम करायचं नाही, ही आज्ञा त्यांनी अशी काही धरली होती की एका रविवारी चर्चला जाताना पायात बाभळीचा काटा मोडला, तर तो काढणं हेही कामच, म्हणून दिवसभर लंगडत राहिले आणि सोमवारी उजाडल्यावर सासूबाईंपुढे पाय केला. वळिवाच्या विजांचं तर विचारूच नका. वीज कडाडली की मामंजी खाटेवर बसून मोठ्याने पापं कबूल करत. बोर्डिंगात असताना चोरलेला पेरू, इन्स्पेक्टरसाहेबांपुढे हजर दाखवलेला एक गैरहजर मुलगा, सासूबाईंच्या डाळीला एकदा मनातल्या मनात ठेवलेलं नाव. पावसाळा सरेपर्यंत त्यांची सगळी पापं घरात सगळ्यांना पाठ होत. सासूबाई वातीची काजळी झाडत म्हणत, "एवढीच? काय हो जन्म काढलात तुम्ही!"

गावातल्या देवांशी त्यांचं नातं जरा अवघड होतं. दुसऱ्या देवापुढे वाकायचं नाही ही आज्ञा, आणि न वाकावं तर मारुती रागावला म्हणजे काय घ्या! मग मारुतीच्या देवळासमोरून जाताना मामंजींची काठी हटकून हातातून पडे आणि ती उचलायला त्यांना वाकावं लागे. पिराच्या दर्ग्याशी वहाणेत खडा जाई, मग वहाण काढावी लागे. एकदा चर्चच्या पाळकसाहेबांनी हटकलंच, "मास्तर, तुमची काठी नेमकी इथंच कशी पडते?" मामंजी म्हणाले, "साहेब, इथली जमीनच जरा उतरती आहे." घरी आल्यावर या लबाडीची क्षमा मागायला ते इतकी लांब प्रार्थना करत की ताटातल्या भाकरीचा पापड होई. आम्ही तोंडाला पदर लावून हसत असू.

ते हसणं पटकीची साथ आली तेव्हा बंद झालं. लढाईचे दिवस होते, माझे यजमान पलटणीबरोबर दूर कुठे तरी होते, आणि मी दोन वर्षांच्या लेकीला घेऊन सासरी होते. सकाळी हातात टमरेल घेऊन जाताना दिसलेला माणूस दिवस मावळायच्या आत तिरडीवर दिसू लागला. मूल नुसतं ओकलं तरी मी रात्रभर उशाशी बसून राही. दारं लागली. कोण कुणाकडे विस्तवही मागेना. गावात म्हणू लागले की ख्रिस्ती लोकांनी देवीचा मान सोडला म्हणून ती कोपली, आणि आमच्या वस्तीत म्हणू लागले की गाव मूर्ती पुजतं म्हणून प्रभू कोपला. मरत होते मात्र दोन्हीकडचे.

पटकी आली की गाव मरीआईचा गाडा काढी. लहानसाच लाकडी गाडा, त्यात देवीची मूर्ती, हिरवा खण, बांगड्या, दहीभात. हलगी वाजवत तो शिवेवर सोडून यायचा आणि पुढच्या गावाने तो आणखी पुढे न्यायचा. गाड्याबरोबर रोगही पुढे जातो, असा समज. पूर्वी तो ओढायचं काम मामंजींच्या आजोबांकडे होतं. बाप्तिस्म्यानंतर त्यांनी ते सोडलं. या वेळी दुसऱ्या कुणी गाडा ओढला, पण पुढचं गाव काठ्या घेऊन शिवेवर उभं राहिलं. आमची माणसं घाबरून गाडा ओढ्याच्या उतारातच टाकून पळून आली. बैलगाडी उतरायला ओढ्याला तेवढीच एक वाट होती. दुसऱ्या दिवशी पारनेरहून लस टोचणारे डॉक्टर आले, ते पलीकडेच अडकले. गाडीवान म्हणाला, "आईवरून बैल घालनार न्हाई." त्या गावचे लोक म्हणाले, गाडा हलल्याशिवाय इकडचं माणूस तिकडे नाही आणि तिकडचं इकडे नाही. डॉक्टरांनी निरोप पाठवला की दिवस कलेपर्यंत वाट बघतो, मग निघतो, पुढची गावं खोळंबली आहेत.

पाटील चार माणसं घेऊन आमच्या दारात आले. गावचा पाटील आमच्या वस्तीत आलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. "मास्तर, ह्यो मान तुमच्या आज्याचा. दुसऱ्याचा हात लागला म्हून गाडा आडला. तुमीच हलवा." पाळकसाहेब तेव्हा घरातच होते. ते म्हणाले, "मास्तर, त्या मूर्तीला हात लावलात तर चर्चच्या मंडळीत जागा नाही, हे ध्यानात ठेवा." मामंजी एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या कडेवरच्या लेकीकडे पाहिलं, आत गेले, कोट चढवला, डोक्याला रुमाल बांधला आणि इन्स्पेक्टरसाहेबांना भेटायला जावं तसे बाहेर पडले.

आम्ही सगळे लांबून मागे गेलो. ओढ्यात उतरल्यावर त्यांनी आधी डोळे मिटून प्रभूची प्रार्थना केली. मग गाड्याकडे वळून, शाळेत पाहुण्या आलेल्या बाईंशी बोलावं तसं म्हणाले, "बाई, मी तुमचा भगत नाही आणि वैरीही नाही. गैरसमज नसावा." आणि दांडी धरली. त्यांचं धोतर थरथरत होतं ते इतक्या लांबूनही दिसत होतं. पलीकडून काठ्या उगारून लोक ओरडले, "मास्तर, हिकडं आनू नका!" मागून आमचे ओरडले, "म्होरं ढकला, मास्तर, म्होरं!" मग मामंजींनी गाडा फिरवला, तो आमच्याच बाजूला. लोक वाट फुटेल तिकडे पळाले. पाटील पळता पळता म्हणाले, "आवो, परत कुठं आनताय?" ज्या बोलीसाठी मामंजी मुलांना छड्या मारत, तीच त्यांच्या तोंडून बाहेर पडली. "तिकडं बी लेकरं हायती. कुनाच्या दारात सोडू? माज्याच दारात ऱ्हाऊ द्या."

गाडा त्यांनी आमच्या गोठ्यात आणून लावला. डॉक्टर आले, लिंबाखाली सगळ्या गावाला टोचलं. सुई बघून मामंजींना मात्र घेरी आली.

हळूहळू साथ ओसरली. गाव म्हणालं देवीचा मान राखला म्हणून, पाळकसाहेब म्हणाले प्रार्थनेमुळे, डॉक्टर म्हणाले लशीमुळे. मामंजींनी कुणाचंच नाव घेतलं नाही. मंडळीने त्यांना कित्येक महिने प्रभुभोजनाला बसू दिलं नाही, ते त्यांना अगदी रास्त वाटलं. रोज संध्याकाळी ते घरात प्रभूची क्षमा मागत, कारण घरी देवी आणली. आणि मग गोठ्याच्या दाराशी जाऊन देवीची क्षमा मागत, कारण तिला शेणात ठेवली. दोघांपैकी कुणी माफ केलं याची त्यांना कधीच खात्री पटली नाही. आम्ही आता हसत नव्हतो.

काही वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. एका दुपारी मी पेज भरवत होते, तर हळूच म्हणाले, "सूनबाई, वर गेल्यावर विचारतील का गं गाड्याचं?" त्या डोळ्यांतली भीती बघून मी पेजेची वाटी खाली ठेवली. मी म्हटलं, "विचारू देत. माझं नाव सांगा, मी येईन साक्षीला." मामंजींनी दचकून माझा हात घट्ट धरला. "छे छे, तू नको येऊस इतक्यात," ते म्हणाले, "मी बघतो काय ते."