सलीमचाचांचं काट्याचं मीटर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर मुद्दामच नाही. त्याच्या तोंडी तीळ भिजत नाही. तुम्हाला म्हणून सांगते.

वारंगा फाट्यावर माझा कॉम्प्युटर क्लास आहे. शेजारी सलीमचाचा अँप्लिफायर बनवतात. जयंती असो की उरूस, आसपास आवाज त्यांचाच. एकदा मला हुक्की आली — कॉम्प्युटरच्या साउंड कार्डवर अँप्लिफायरचे व्होल्ट मोजायचे. आता कॉम्प्युटरला व्होल्ट आपणहून थोडेच कळतात? आधी खऱ्या मीटरवर मोजून तो आकडा त्याला सांगायचा, आणि मग स्क्रीनवरची आवाजाची पट्टी अजिबात हलवायची नाही; हलली की आकडा चुकलाच. ते खरं मीटर मी आणलं चाचांकडूनच — जुनं, काट्याचं — आणि काम झाल्यावर परत दिलं.

आठ दिवसांनी जयंतीची मंडळी नवा अँप्लिफायर न्यायला आली. मी ऐटीत वायरी जोडल्या. व्होल्ट निम्मेच!

"माझं मीटर तं बराबर दाखवून राहिलं, मॅडम," चाचा म्हणाले.

"चाचा, तुमचं मीटर म्हातारं झालं," मी म्हटलं. सगळे हसले. चाचा नाही हसले.

संध्याकाळी पाहते तर — पट्टी निम्म्यावर. सकाळी क्लासचा व्हिडिओ करताना आवाज फाटत होता, म्हणून मीच खाली ओढलेली. लगेच जाऊन सांगायचं ना? दहा पावलांवर तर दुकान! पण फाट्यावर माझं एवढं कौतुक चाललेलं... मी गुपचूप पट्टी वर केली.

दोन दिवसांनी चाचा आले. धडधाकट अँप्लिफायर त्यांनी सगळा खोलून पुन्हा जोडला होता. या वेळी व्होल्ट पूर्ण भरले. चाचा खुलले — आणि ते मीटर माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "आता याचा काय भरोसा? ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच."

तेव्हा तरी बोलायचं होतं. नाही बोलले. लाज वाटते, पण खरं तेच.

तेव्हापासून प्रत्येक अँप्लिफायर ते माझ्याकडून पास करून नेतात. येताना गरम भजी आणतात, आणि मी ती मिटक्या मारत खाते. गिऱ्हाइकांना सांगतात, "मॅडमचा कॉम्प्युटर झूट न्हाई बोलत."

कॉम्प्युटर नाहीच बोलत. चाचा यायच्या आधी मी दर वेळी ड्रॉवर उघडते, त्यांचंच मीटर काढते आणि त्यावरून कॉम्प्युटरला व्होल्ट शिकवते. काटा अजून बराबर दाखवतो.