बर्फाने ओरखडलेला दगड

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लष्करातल्या आमच्या इंजिनिअर फील्ड कंपनीला हिमाचलच्या डोंगरात रस्ता कापायचं काम मिळालं. मी हवालदार होतो. माझ्या सेक्शनमध्ये नाईक डॉमिनिक होता, अंधेरीच्या गावठाणातला, माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याचे वडील पास्कूकाका अंधेरीच्या काळ्या दगडाच्या खाणीत मुकादम. दगड फोडणं आपल्या रक्तातच आहे, हे डॉमिनिक आम्हाला उठता-बसता ऐकवायचा.

खाणीतली एक रीत त्याने सेक्शनमध्ये आणली होती. सुरुंग उडाला की एकाने पुढे जाऊन हातोड्याने कडा ठोकून पाहायचा. आवाज बद्द आला तर दगड सुटलाय, तो आधी पाडायचा. खणखणीत आला तर कडा धरून आहे. मग ठोकणाऱ्याने तिथेच कड्याखाली उभं राहायचं आणि बाकीच्यांनी कामाला लागायचं. स्वतः खाली उभा राहिल्याशिवाय दुसऱ्याला बोलवायचं नाही, असं पास्कूकाकांनी त्याला शिकवलं होतं. आमच्याकडे हे काम तोच करायचा, दुसऱ्याला हातोडा देतच नसे.

तिथला दगड मात्र आमच्या ओळखीचा नव्हता. अंधेरीचा दगड सगळा एकसारखा काळा. इथे राखाडी चिखल दगड होऊन बसलेला आणि त्यात नाना जातीचे गोटे अडकलेले. काही सुपारीएवढे, काही नारळाएवढे, एखादा बैलगाडीएवढा. हे कोणी कालवलं, असं आम्ही हसत एकमेकांना विचारायचो.

एका दुपारी एक भूशास्त्रज्ञ कड्यापाशी आले. त्यांनी एक गोटा उचलला, वॉटर बॉटलचं पाणी त्यावर ओतलं आणि आमच्यासमोर धरला. ओल्या दगडावर सरळ, एकाच दिशेचे ओरखडे होते. हे बर्फाने केलं, ते म्हणाले. नदी गोटे निवडून टाकते, जड आधी, हलके पुढे. बर्फ निवडत नाही. सापडेल ते उचलतो, दगडावर दगड घासत नेतो आणि वितळला की सगळं एकत्र टाकून देतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी हा मुलूख बर्फाखाली होता. तेव्हा हिमालय नव्हता.

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. समोरच्या डोंगरांना मी रोज जुनेपुराणे समजत होतो, आणि साहेबांच्या हातातला गोटा त्यांच्याही आधीचा होता. डॉमिनिकने विचारलं, आमच्या अंधेरीचा दगड किती जुना? साहेब हसले. म्हणाले, याच्यापुढे तो कालचा पोर. डॉमिनिकने तो गोटा पाठीवरच्या पिट्टूत ठेवला.

"बाबाला दाखवतो रे," तो मला म्हणाला. "झकास माल आहे. त्याला वाटतं जगात दगड एकच, काळा."

पुढच्या आठवड्यातली सकाळ. सुरुंग व्यवस्थित उडाला. ऑल क्लिअर झाल्यावर डॉमिनिक पुढे गेला. त्याने वरचा मोठा गोटा ठोकला. आवाज घंटेसारखा आला, आम्ही सगळ्यांनी ऐकला.

"खणखणीत," तो म्हणाला आणि खाली उभा राहिला. "या."

मी पाऊल उचललं आणि गोटा त्याच्यावर आला. गोटा अखंडच होता. सुटला होता तो त्याच्या भोवतीचा चिखल, आणि चिखल हातोड्याला उत्तर देत नाही. आमच्या काळ्या दगडात अशी फसगत होत नाही, म्हणून कोणाच्या मनातही आलं नाही.

मी वायरलेस घेतला. "एक कॅज्युअल्टी. नाईक डॉमिनिक. ओव्हर."

"कंडिशन? ओव्हर."

मी बटण दाबलं. तो गेल्याचं सांगितलं.

मला रजा मिळाली उन्हाळ्यात. घरी पोचलो तशी आई म्हणाली, पास्कूकाकांनी हातोडा टाकलाय. खाणीत जात नाहीत. पोराने घाई केली, न ठोकताच माणसं आत घेतली असणार, असं म्हणत बसतात. त्यांना त्याच्या जाण्याइतकंच याचंही दुःख होतं.

डॉमिनिकच्या पिट्टूतला तो ओरखड्यांचा गोटा मी जपून आणला होता, तो घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते ओट्यावर बसले होते.

"ठोकून बघितला व्हता त्यानी?" त्यांनी एवढंच विचारलं.

"हो काका. खणखणीत वाजला. मग स्वतः खाली उभा राहिला, तेव्हाच आम्हाला बोलावलं."

मी त्यांच्या हातात गोटा दिला. ते ओरखड्यांवरून अंगठा फिरवत राहिले. ही छिन्नी कोणाची, म्हणाले. मी बर्फाचं सगळं सांगितलं, चिखलाचंही. ते उठले. मग आत गेले, हातोडा घेऊन आले आणि गोटा ओट्यावर ठेवून एकदा ठोकला. स्वच्छ आवाज आला.

"वाजतोय," ते म्हणाले. "माझा पोर बरोबर व्हता." आणि मग ते रडले.

सोमवारी ते खाणीत परत गेले. गोटा त्यांनी गावठाणातल्या क्रूसाच्या पायथ्याशी सिमेंटात बसवला. आता काका नाहीत, खाणही नाही, तिथे इमारती झाल्यात. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी मी तिथे मेणबत्ती लावतो. उजेडात ते ओरखडे दिसतात. मी बोटाच्या पेराने गोट्यावर एकदा ठोकतो आणि डॉमिनिकचं नाव घेतो.