कडेला मीठ लावलेली मार्गारिटा

शी! त्या मार्गारिटाचं नुसतं नाव काढलं तरी माझं तोंड वाकडं होतं.

गेल्या उन्हाळ्यात, गोडादऱ्याच्या कामगारवस्तीतल्या आमच्या खोलीत, पोरीनं ही टूम काढली. बिनदारूची मार्गारिटा म्हणे. मोबाइलवर बघितलेली. लिंबाचा रस, मोसंबीचा रस, साखरेचा पाक, बर्फ आणि ग्लासाच्या कडेला मीठ. मला दारू सोडून अकरा महिने झाले होते, त्याचा पोरीला कोण आनंद! आणि त्याच दिवशी माझा मेव्हणा यायचा होता. मी प्यायचो तेव्हा हाच माझ्या बायकोला अमळनेरला घेऊन गेला होता. मी सोडली, तेव्हा ती परत आली. "पुन्हा प्यायलात तर ताईला कायमची नेईन," असं तोंडावर सांगून गेलेला माणूस. तो खात्री करायलाच येत होता.

हौस मलाच फार. पाहुणा येणार संध्याकाळी आणि मी मोसंबीचा रस सकाळीच काढून फ्रिजात ठेवला. तो ठेवला की कडू जहर होतो, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक? पोरीनं तसाच ओतला.

मेव्हण्यानं मीठ चाटलं, घोट घेतला आणि मोरीत जाऊन थुंकून टाकला. "दाजी, हाई काय शे?"

मीही घोट घेतला. कडू, आंबट, वर खारट. पण मला ओकारी आली ती त्या मिठानं. कापडाच्या लूमवरून सुटलो की आम्ही देशीची पोटली दातानं फोडायचो आणि तळहातावरचं मीठ असंच चाटायचो. पायाखाली पिळलेल्या लिंबाच्या साली, त्यावर माशा, शेजारी कोणीतरी ओकलेलं. तो आंबूस वास नाकात भरला. माझ्याच जिभेची मला शिसारी आली.

"तुमना गिलास पाहू," म्हणत मेव्हण्यानं माझ्या हातातला ग्लास ओढला आणि त्यात नाक खुपसलं. माझ्याच घरात, माझ्या पोरीसमोर!

"घे, पोटभर घे वास! फ्रिजातही नाक घाल!" मी ओरडलो. पोर रडायला लागली.

त्याला लिंबाशिवाय कसलाच वास आला नाही. तरी त्यानं ग्लास बहिणीपुढे धरला. "ताई, तू देख."

मला वाटलं, बायको ग्लास बाजूला सारेल. तिनं तो हातात घेतला. वास घेतला. मग डोळे मिटून पुन्हा एकदा घेतला.

"काही नाही रे," ती भावाला म्हणाली.

माझं टाळकं सणकलं. अकरा महिन्यांनंतरही ही अशी? तिला चांगलं सुनवायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पोरीनं ग्लास दिला तेव्हा, कोणाचं लक्ष नसताना, सगळ्यांच्या आधी मीच वास घेतला होता. थोडी तरी असेल, म्हणून.