आमची काही तक्रार नाही

आमच्या गावात घर मिळवणं अगदी सोपं आहे. गुरुवारी सकाळी काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, वेबसाइटवर भाड्यानं द्यायच्या रिकाम्या घरांची यादी लागते. सोमवारी रात्री बारापर्यंत त्यातल्या तीन घरांवर बोली लावायची आणि स्वस्थ बसायचं. बोली पैशांची नव्हे. पैसे असते तर माणूस काउन्सिलच्या दारात कशाला गेला असता? नुसतं बटण दाबायचं, म्हणजे 'मला हे घर हवंय' असं झालं. त्याच घरासाठी गावातली आणखी दीडशे माणसं तेच बटण दाबतात, आणि ज्याची नड सगळ्यांत मोठी त्याला घर मिळतं. कोणाची नड केवढी, हे एक फॉर्म ठरवतो आणि माणसांना अ, ब, क, ड अशा गटांत बसवून टाकतो. या प्रकाराचं नाव 'घर तुमच्या पसंतीचं'. काउन्सिलला विनोदबुद्धी नाही म्हणणाऱ्यांनी हे नाव एकदा मोठ्यानं वाचावं.

मी गावच्या, म्हणजे हॉकर्शाच्या, वाचनालयात काम करते. आमच्याकडे पुस्तकं मागायला आता फार कोणी येत नाही. ज्यांच्या घरी संगणक नाही ते बटण दाबायला येतात. आमच्याकडे चार संगणक आहेत, त्यातले तीन चालतात, आणि गुरुवारी रांग दारापर्यंत जाते. वरिष्ठांनी अहवालात लिहिलंय की वाचकसंख्या वाढली.

या रांगेत दर गुरुवारी पहिला नंबर डोरीन ओल्डरॉइड यांचा असायचा. डोरीनबाई बहात्तर वर्षांच्या. एकतीस वर्षं त्यांनी गावच्या शाळेत मुलांना दुपारचं जेवण वाढलं. मलाही वाढलंय, आणि पानात कस्टर्ड टाकलं तर डोक्यात पळी घालीन म्हणून दमही दिलाय. त्यामुळे मी पन्नाशीची झाले तरी त्यांच्यासाठी 'पोरी'च.

त्यांचा नवरा क्लिफ. जन्मभर बस चालवली आणि आता फुप्फुसांनी हात टेकलेत. दोघं राहतात चौथ्या मजल्यावर, पायऱ्या चौसष्ट, लिफ्ट नाही. क्लिफ गेल्या चौदा महिन्यांत खाली उतरला नव्हता. मुळात हा माणूस घरात बसणारा नव्हे. बोल्स क्लबच्या हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळवायचे आणि गवतावर कोणी चुकीचे बूट घालून आलं की भांडायचं, हा त्याचा संसार. त्या हिरवळीची निगा त्यानं वीस वर्षं फुकट राखली. आता तो खिडकीत बसून समोरच्या इमारतीची खिडकी बघायचा.

हिरवळीला लागूनच हेझल कोर्ट आहे. म्हाताऱ्यांसाठी बांधलेली बारा घरं, सगळी तळमजल्यावर. मागचं दार उघडलं की समोर गवत. वर्षातून एखादं रिकामं होतं. डोरीनबाईंना त्यातलं एक हवं होतं. दुसरं काही नको होतं, अगदी दुसऱ्या दोन बोल्याही त्या लावायच्या नाहीत.

"अहो, तीन लावता येतात," मी म्हणायची.

"एकच हवंय तर तीन कशाला मागू? हावरटपणा दिसतो तो."

मार्चच्या एका गुरुवारी यादीत आलं, हेझल कोर्ट, घर नंबर सात. डोरीनबाईंनी चष्मा पुसला, बटण दाबलं आणि पडद्यावर त्यांचा नंबर आला, अठ्ठावन्न.

"तसा वाईट नाही गं," त्या म्हणाल्या. "एवढी माणसं आहेत त्यात."

"तुम्ही कोणत्या गटात आहात?"

"ड."

माझा कानांवर विश्वास बसेना. ड गट म्हणजे ज्यांना घराची गरज नाही, पण अर्ज करायची हौस आहे, अशी मंडळी. माझा पुतण्या ड गटात आहे. त्याला स्वयंपाकघराचा रंग आवडत नाही.

मी त्यांच्याच खात्यातून त्यांचा भरलेला फॉर्म उघडला. प्रश्न होता, सध्याच्या घरामुळे तब्येतीवर काय परिणाम होतो? उत्तर, आमची काही तक्रार नाही. जिना चढता-उतरता येतो का? निभावतो आमचं आम्ही. अर्जदाराचे जोडीदार आठवड्यातून किती वेळा घराबाहेर पडतात? त्यांना फारशी आवड नाही.

"आवड नाही?" मी जवळजवळ ओरडलेच. मागच्या रांगेनं मान वर केली. "क्लिफला बाहेर जायची आवड नाही?"

"हळू बोल. मग काय लिहायचं? येत नाही त्याला, असं? परक्या लोकांना?"

आता हे आमच्या गावाचं दुखणं आहे, एकट्या डोरीनबाईंचं नाही. इथे कोणालाही कसं काय विचारा, उत्तर एकच, तक्रार नाही. घर जळालेलं असो, नवरा पळालेला असो, तक्रार नाही. फक्त आम्हाला त्यातला सूर कळतो. चटकन म्हटलं तर सगळं ठीक आहे. 'तसं बघायला गेलं तर' लावून म्हटलं तर डॉक्टरकडे जायला हवं. आणि खिडकीकडे बघत म्हटलं, की शेजारीण त्याच संध्याकाळी भांडंभर रस्सा घेऊन येते. काउन्सिलच्या फॉर्ममध्ये सूर लिहायला जागा नव्हती. त्यानं शब्द वाचले, ह्या बाईची तक्रार नाही असं समजला आणि तिला ड मध्ये टाकून मोकळा झाला.

मी तिथल्या तिथे काउन्सिलला फोन लावला. पंचेचाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक माणूस मिळाला. तो म्हणाला, घरी येऊन पाहणी करता येईल, उद्या दुपारीच एक वेळ रद्द झालीय. सोमवारी रात्री बाराच्या आत गट बदलला तर सात नंबरच्या बोलीला तो धरला जाईल, नंतर बदलला तर नाही.

मग मी डोरीनबाईंना तक्रार करायला शिकवायला बसले. असला शिकवणीवर्ग घ्यायची वेळ शत्रूवरही येऊ नये.

"समजा मी काउन्सिलची बाई. क्लिफ कसे आहेत?"

"बरा आहे. तुझी आई कशी आहे?"

"माझी आई सोडा! म्हणा, तो दहा पायऱ्यासुद्धा चढू शकत नाही."

"तो दहा पायऱ्या..." त्या थांबल्या. "दहा चढतो गं तो. मग बसतो."

"मग बसतो, हे म्हणा."

"पण आमच्यापेक्षा वाईट दिवस असलेली माणसं आहेत."

"आहेत ना. ती सगळी अ गटात आहेत, कारण त्यांनी तसं लिहिलंय!"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला पुन्हा पळीची आठवण झाली. मी शिकवणी आटोपली आणि शुक्रवारी सुट्टी टाकली.

शुक्रवारी दुपारी त्यांच्या घरी गेले तर घर लग्नघरासारखं सजलेलं. आल्याचा केक, ठेवणीतले कप. क्लिफ भिजवून विंचरलेल्या केसांनी, टाय लावून, कोटावर क्लबचा बिल्ला मिरवत बसलेला. रोज तीन वेळा तोंडाला लावायचं वाफेचं यंत्र कुठे दिसेना. शोधलं तर कोपऱ्यात एक नवं टेबल उगवलेलं, त्यावर भरतकामाचं कापड आणि कुंडी. कापड वर केलं तर खाली यंत्र.

"डोरीनबाई!"

"पाहुण्यांसमोर बरं दिसतं का ते?" त्या कुजबुजल्या.

काउन्सिलची बाई वेळेवर आली. केरी तिचं नाव, चाळिशीची, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. चौथ्या मजल्यावर आल्यामुळे धापा तिलाच लागल्या होत्या. क्लिफ उठून उभा राहिला आणि त्यानं तिला खुर्ची दिली. झालं. पहिल्याच मिनिटात आम्ही अ पासून आणखी लांब गेलो.

"जिन्याचं कसं काय जमतं, मिस्टर ओल्डरॉइड?"

"निभावतो," क्लिफ म्हणाला. "केक घ्या."

"रात्री झोप लागते?"

"तक्रार नाही."

मी डोरीनबाईंना कोपरानं डिवचलं. त्यांनी मोठा श्वास घेतला, घसा साफ केला. "तो दहा पायऱ्या चढतो," त्या म्हणाल्या, आणि क्लिफनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "छान चढतो," त्यांनी वाक्य संपवलं.

मी मध्ये तोंड घातलं, चौदा महिने, फुप्फुसं, सगळं सांगितलं. केरीनं शांतपणे विचारलं, मी कुटुंबातली आहे का. नाही म्हटल्यावर तिनं माझं काही लिहून घेतलं नाही. नियम. वीस मिनिटांत तिनं टॅबलेट बंद केला, केक उत्तम झालाय म्हणाली, आणि आहे त्या गटात बदल करण्यासारखं काही दिसत नाही हेही त्याच गोड आवाजात सांगितलं. डोरीनबाईंनी तिचे आभार मानले. मला रडू येत होतं आणि कप फोडावेसेही वाटत होते.

केरी दाराशी गेली, तसा क्लिफ उठला.

"तू कुठे चाललास?" डोरीनबाईंनी विचारलं.

"बाईंना खालच्या दारापर्यंत सोडतो."

"क्लिफ, बस खाली."

"गप गं. चाळीस वर्षं बस चालवली, उतरलेली म्हातारी आपल्या दारात शिरल्याशिवाय कधी गाडी हलवली नाही. घरी आलेल्या पाहुणीला असंच पाठवू?"

केरी नको नको म्हणत होती. पण तो बाहेर पडलासुद्धा, कठडा धरून, पाठ ताठ. मी पायऱ्या मोजत होते. एकोणीस झाल्या. विसाव्या पायरीवर त्याचा हात कठड्यावरून घसरला आणि तो तिथेच बसला. ओठ निळे पडले होते, टाय एका बाजूला गेलेला. बोलायचं होतं, पण हवा पुरत नव्हती. डोरीनबाई घरात धावल्या, कुंडी जमिनीवर ठेवली, कापड फेकलं आणि ते यंत्र छातीशी धरून खाली आल्या. घरातून जोडणीची लांब वायर जिन्यावरून सोडली. वीस मिनिटं वाफ घेतल्यावर क्लिफचा रंग परत आला.

केरी गेली नव्हती. ती त्याच्या शेजारी पायरीवरच बसली होती, पांढऱ्या पँटमध्ये, त्या धुळीत.

"मिस्टर ओल्डरॉइड," ती म्हणाली, "आता सांगा. कसे आहात?"

"तक्रार..." तो म्हणाला आणि थांबला. त्यानं डोरीनबाईंकडे बघितलं. त्या हातात भरतकामाचं कापड पिळत उभ्या होत्या.

"भीती वाटते मला," क्लिफ म्हणाला. "ह्या जिन्याची. आणि आता ह्या जिन्याच्या वरच मरणार, ह्याची. हिला एकटीला चार माणसं शोधत फिरावं लागेल मला खाली न्यायला."

पंचावन्न वर्षांच्या संसारात डोरीनबाईंनी हे पहिल्यांदा ऐकलं असावं. त्या त्याच्या खालच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी त्याचा टाय सरळ केला. केरीनं टॅबलेट पुन्हा उघडला आणि तिथेच, पायरीवर बसून, पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली.

त्याला वर न्यायला पाऊण तास लागला. दोन्ही बाजूंनी मी आणि केरी, मागून डोरीनबाई खुर्ची घेऊन.

सोमवारी दुपारी चार वाजता पडद्यावर गट बदलला, ड चा ब झाला, आणि अठ्ठावन्नचा झाला दोन. दोन म्हणजे घर नाही. पहिला नंबर कोणा बाईंचा होता. त्या पुढच्या आठवड्यात घर बघून आल्या आणि नको म्हणाल्या, कारण मागच्या दारी दिवसभर म्हातारे गोळे आपटतात आणि भांडतात. त्या बाईंचं नाव मला माहीत नाही, पण नाताळात मी त्यांना कार्ड पाठवायला तयार आहे.

मे महिन्यात क्लबच्या चार गड्यांनी क्लिफला खुर्चीत बसवून चौसष्ट पायऱ्या खाली आणलं आणि सात नंबरच्या घरी पोचवलं. खाली येताना तो त्यांना कोपरे कसे घ्यायचे ते शिकवत होता.

त्यानंतर गुरुवारी डोरीनबाईंचं काही काम नव्हतं. तरी जूनच्या एका गुरुवारी त्या आल्या, सवयीनं रांगेत उभ्या राहिल्या आणि नंबर आल्यावर माझ्यासमोर पिशवी आपटली.

"काय हो, कसं काय?" मी विचारलं आणि उत्तराची वाटही न बघता पुढच्या माणसाकडे वळले.

"तक्रार आहे," डोरीनबाई म्हणाल्या.

अख्खी रांग त्यांच्याकडे बघायला लागली.

"सकाळी आठला जो मागच्या दारानं जातो, तो जेवायला हाक मारली तरी येत नाही. त्या गवताशी बोलत बसतो. काल एका माणसाशी बुटांवरून भांडला. चहा तिकडेच, पेपर तिकडेच. पंचावन्न वर्षांत एवढी एकटी कधी बसले नव्हते मी." त्यांचा आवाज चढला होता आणि डोळे वाहत होते. "सांग पोरी, ह्याचा फॉर्म कुठे मिळतो?"